एंजिनाचे अंतरंग

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजोळी तांब्याचा जुना बंब अद्याप माळ्यावर पडलेला असेल. तो एकदा खाली उतरवून त्याच्या आत डोकावून पाहा, अशी माझी प्रथमच विनंती आहे. बाहेरून पाहता ते एक घाटदार भांडे दिसते, यापलीकडे काही नाही. परंतु आत पाहिले म्हणजे मधोमध एक उभी नळी खालपासून वरपर्यंत गेलेली आढळते. नळीत निखारे, नळीभोवती पाणी, खाली राख पडावयास जाळी आणि वर धूर जावयास वाट. विस्तव पाण्याच्या पोटात ठेवावा, म्हणजे त्याची उष्णता बाहेर वाया न जाता चहूबाजूंनी पाण्यासच मिळते, हीच त्या बंबाची सारी युक्ती होय. ही युक्ती ज्याला नीट समजली त्याला आगगाडीच्या जुन्या एंजिनाचा बॉयलर निम्मा समजला, असे मी म्हणतो. उरलेला निम्मा समजावून द्यावा, आणि तो समजून घेताना माझ्या मनात जे विचार आले ते तुमच्या व तुमच्या पालकांच्या कानांवर घालावेत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन सहलीस गेलो असता वाटेतील एका गावी चौथऱ्यावर मांडून ठेवलेले वाफेचे एंजिन पाहण्याचा योग आला. तुकतुकीत काळा रंग, घासूनपुसून लखलखीत केलेल्या पितळी पट्ट्या, सभोवार फुलझाडे आणि लोखंडी कठडा, असा त्याचा थाट होता. मुलांनी हौसेने छायाचित्रे काढून घेतली. तितक्यात शिरूरच्या एका मुलाने, ज्याच्या गावी आजही आगगाडी येत नाही, मला विचारले, "सर, ह्याच्या आत काय आहे?" मी पुढे झालो. पाहतो तो समोरचे वाटोळे दार वेल्डिंग करून कायमचे बंद केलेले. चालकाच्या जागेकडील भट्टीचे दारही तसेच. मी तोंडाने सांगू लागलो खरा, पण चार वाक्ये झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, आपलेही ज्ञान पुस्तकातल्या आकृतीपुरतेच आहे. ज्या वस्तूपुढे उभे राहून मी शिकवीत होतो ती वस्तू माझ्या साहाय्यास येत नव्हती. रंगविलेले लोखंड काहीही बोलत नाही.

आमच्या भागात ही अडचण दूर करणे कठीण नव्हते. 1858 साली पुण्याहून दिक्सळपर्यंत रूळ पडले तेव्हा दौंड त्या मार्गावर आले, आणि 1878 साली मनमाडचा मार्ग त्यास येऊन मिळाल्यावर ते मोठे जंक्शन झाले. गावाच्या दोन-तीन पिढ्या एंजिनांच्या शेडमध्ये राबल्या. पुढे 1970 साली चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे एंजिन बाहेर पडले, आणि 1995 च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरील वाफेची नेहमीची वाहतूक देशभर संपली. एंजिने गेली, परंतु त्यांच्या आत शिरून काम केलेली काही माणसे अजून आपल्यात आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा त्यांपैकीच एक. वय ऐंशीच्या पलीकडे, ऐकू थोडे कमी, परंतु हात स्थिर. तीन मुलांसह मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी खडू मागून घेतला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर सारा बॉयलर काढून दाखविला. काढताना ते म्हणाले, "मास्तर, एंजिन बाहेरून बघणारे लाख असतात. आत गेलेला माणूस निराळा." त्या फरशीवर जे पाहिले तेच आता क्रमाने सांगतो.

बॉयलरचे तीन भाग असतात. मागे भट्टी, मध्ये लांब वाटोळे नळकांडे आणि पुढे धूरपेटी. भट्टी म्हणजे एका पेटीत दुसरी पेटी. आतल्या पेटीत जाळीवर कोळसा जळतो; दोन पेट्यांच्या मधल्या अरुंद जागेत पाणी असते, आणि आतल्या पेटीच्या छतावरही पाणी असते. म्हणजे खालची जाळी व कोळसा टाकण्याचे दार सोडले, तर अग्नीला सर्व बाजूंनी पाण्याचा वेढा पडलेला असतो. भट्टीत विटांची एक तिरपी कमान असते. तिच्यामुळे ज्वाळा थेट पुढे न पळता मागे वळसा घेऊन मग पुढे जातात, व कोळशाचा धूर पुरता जळण्यास अवकाश मिळतो.

तेथून ती ऊन हवा नळकांड्यात शिरते. परंतु एका मोठ्या नळीतून नव्हे, तर शेकडो बारीक नळ्यांतून. येथे बंबाच्या पुढची पायरी आली. 1829 साली इंग्लंडात रेनहिल येथे एंजिनांची जी प्रसिद्ध शर्यत झाली, तीत स्टीव्हन्सन यांचे 'रॉकेट' जिंकले. त्याच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या 25 नळ्या होत्या. पुष्कळ नळ्यांचा लाभ काय, हे तुम्हांस पाटीवर काढता येईल. 10 इंच व्यासाची एक नळी घ्या, आणि तिच्या जागी 2 इंच व्यासाच्या 25 नळ्या घाला. क्षेत्रफळ काढाल तर धूर जावयाची वाट दोन्ही ठिकाणी सारखीच भरेल. पण परीघ मोजा: पाण्याला भिडणारा तापलेला पृष्ठभाग पाचपट झालेला आढळेल. तितकाच कोळसा, तितकाच धूर, आणि पाण्याला उष्णता मिळावयास पाचपट जागा! भूमितीचा हा एक धडा ज्याच्या ध्यानात आला, त्याने आगगाडीचा वेग वाढविला.

नळ्यांतून बाहेर पडलेला धूर पुढल्या धूरपेटीत जमतो. सिलिंडरांत काम करून थकलेली वाफ येथेच एका तोटीतून धुरांड्यात जोराने सोडलेली असते. ती जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते, आणि त्या ओढीने मागच्या भट्टीत नवी हवा शिरून विस्तव फुलतो. एंजिन जो जो जोराने ओढील तो तो विस्तव आपोआप अधिक पेटेल, अशी ही योजना. लहानपणी आपण ज्या आवाजाची नक्कल करीत अंगणात धावलो, तो 'झुकझुक' आवाज म्हणजे या तोटीतून सुटणाऱ्या वाफेचाच श्वास होय.

येथवर सारे सोपे आहे. आता जो भाग बाहेरून मुळीच दिसत नाही, आणि ज्याच्यावर चालकाचा व शेकडो उतारूंचा जीव अवलंबून असे, त्याकडे वळू. वाटोळ्या नळकांड्यास आतला दाब सहज सोसतो, कारण तो सर्व बाजूंस सारखा वाटला जातो. पण भट्टीच्या भिंती सपाट असतात, आणि सपाट पत्र्यास दाबाखाली फुगावयाचे असते. आपल्याकडे पुष्कळ धावलेल्या डब्ल्यू. पी. जातीच्या एंजिनांत वाफेचा दाब दर चौरस इंचास 210 पौंड असे. म्हणजे एक फूट लांब व एक फूट रुंद अशा पत्र्याच्या तुकड्यावर 30,240 पौंड, सुमारे साडेतेरा टन भार! तो पत्रा जागच्या जागी कोणी धरला? दोन्ही भिंतींतून आरपार घातलेल्या शेकडो दांड्यांनी. त्यांस शेडमध्ये 'स्टे' म्हणत. दोन स्टेंमध्ये चार इंचांचे अंतर धरले, तर प्रत्येकाच्या वाट्यास 16 चौरस इंच जागा येते, व अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या दांडीस दीड टन ओढ सोसावी लागते. ती दिवसरात्र सोसावी लागते, तापत आणि निवत, वाकत आणि सरळ होत. अशाने एखादा स्टे कधीतरी तुटणारच. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, मग तेही तुटू लागतात.

तुटलेला स्टे ओळखावा कसा? तो तर दोन भिंतींच्या मध्ये, पाण्यात बुडालेला. आजोबांनी येथे खडू थांबविला आणि मुलांकडे पाहून हसले. पुष्कळ स्टेंना टोकाकडून आत असे एक बारीक भोक पाडून ठेवलेले असते. स्टे धड आहे तोवर ते भोक कोरडे. तो आत तडकला की पाणी व वाफ त्या भोकातून बाहेर येऊ लागते. "स्टे तुटला तर गप बसत नाही," ते म्हणाले, "तो सांगतो. आपण बघायचं काम करायचं. आम्ही सकाळी आधी ओल कुठं आहे ते बघायचो, रंग मागनं." ज्या स्टेला भोक नसे त्यावर ते हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकत. कुंभाराच्या दारी मडके वाजवून घेतो ना आपण, अगदी तसेच. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. भट्टी निवल्यावर कोळशाच्या दारातून अंग आखडून आत शिरावयाचे, राखेत गुडघ्यांवर बसून दिव्याच्या उजेडात एकेक स्टे वाजवावयाचा, हे त्यांचे काम होते.

दुसरी गोष्ट छताची. भट्टीतील आच हजार अंशांहून अधिक असते, तरी छताचा पत्रा मऊ पडत नाही, कारण पलीकडचे पाणी त्याची उष्णता सतत काढून घेत असते. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो मेणबत्तीवर धरा. पाणी कढेल, कागद जळणार नाही. हा प्रयोग शिक्षकांच्या देखत अवश्य करा. मात्र पाणी कमी होऊन छत उघडे पडले की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वरील दाबाने आत कोसळतो. मग बॉयलरमधील 200 अंशांच्या पाण्यावरील दाब एकाएकी जातो, त्यातील काही भागाची क्षणात वाफ होते, आणि मोकळ्या हवेत वाफेस पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. बॉयलर फुटणे ते हेच. म्हणून चालकापुढे पाण्याची पातळी दाखविणारी काच असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेच तर शेवटचा पहारेकरी म्हणून छतात शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूने भरलेला प्लग बसविलेला असतो. छत उघडे पडताच तो आधी वितळतो, आणि त्यातून भट्टीत सुटणारी वाफ माणसांस धोक्याची सूचना देते.

हा प्लग मला लहानपणीच भेटला होता, पण ओळख पटली नव्हती. आमच्या घरी एके सकाळी कुकरमधील पाणी आटले, मोठा फुत्कार झाला आणि झाकणावरील प्लग गेला. स्वयंपाकघरभर भात उडाला. शेजारचे एक हुशार गृहस्थ म्हणाले, "तेथे एक जाड खिळा ठोकून भोक बुजवून टाका, म्हणजे पुन्हा ही कटकट नाही." वडिलांनी झाकण त्यांच्या हातून काढून घेतले व म्हणाले, "प्लग गेला म्हणून आपण राहिलो." तालुक्याच्या बाजारातून नवा प्लग येईपर्यंत आठ दिवस आईने पातेल्यात भात शिजविला. कटकट बंद करण्यासाठी भोक बुजविणारी ती हुशारी मी पुढे आयुष्यात अनेक ठिकाणी पाहिली.

तिसरी गोष्ट पाण्याची. घोडनदीचे पाणी भीमेस मिळते आणि भीमा दौंडावरून जाते. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखातून येणाऱ्या पाण्यात क्षार असतात, हे ज्या घरात रोज पाणी तापते त्या घरातील माउलीस पुस्तकावाचून ठाऊक आहे; भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तिने घासलेला असतो. बॉयलरमध्ये हाच थर पत्र्यावर व नळ्यांवर बसतो. मग कोळसा अधिक जळतो आणि उष्णता पाण्यास न पोचल्यामुळे पत्रा तापू लागतो. म्हणून ठरावीक दिवसांनी एंजिन थांबवून, सावकाश निववून, कोपऱ्याकोपऱ्यांतील बूच काढून, जोराच्या धारेने व सळयांनी आतला गाळ काढीत. या कामास 'वॉशआउट' म्हणत. त्या दिवशी एंजिन एक मैलही धावत नसे. पण पुढचे सारे मैल त्या दिवसाच्या जिवावर धावत.

आता माझे मत मांडतो. आपल्या देशात जुनी एंजिने चौथऱ्यांवर मांडली जातात, याचा मला आनंदच आहे. परंतु ती रंगवून, दारे बंद करून ठेवण्यात आपण त्यांचा निम्मा उपयोग गमावतो. त्यांच्या बॉयलरची एक बाजू कापून आतल्या नळ्या, स्टे व छत मुलांस दिसेल असे करावे. यावर कोणी म्हणेल की, वारशाच्या वस्तूवर करवत चालविणे हा अपराध आहे. आक्षेप खरा आहे, पण तो दुर्मीळ वस्तूंस लागू. 1855 साली बांधलेल्या 'फेअरी क्वीन'सारख्या एंजिनास कोणी हात लावू नये. डब्ल्यू. जी. जातीची मालगाडीची एंजिने मात्र दोन हजारांवर बांधली गेली. अशा जातीतील एखादे उघडे करून दाखविल्याने वारसा कमी होत नाही, तो समजतो. आणि कापणे नकोच असेल, तर निदान पुढचे वाटोळे दार उघडे ठेवून आत दिवा लावावा व भट्टीच्या दारापाशी पाहावयास पायरी करावी. फार खर्च नाही. मात्र जुन्या बॉयलरांवर ऊब धरण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असे. ते फुप्फुसांस घातक असल्याने जाणत्यांकडून आधी काढविले पाहिजे.

पालकांपैकी कोणी विचारील की, जी एंजिने गेली त्यांचे पोट पाहून मुलांच्या पोटाचे काय होणार? माझे उत्तर असे की, एंजिने गेली, पण बॉयलर गेला नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत साखरेचे कारखाने आहेत. कुरकुंभ व रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. जेथे वाफ लागते तेथे बॉयलर आलाच. मोठ्या कारखान्यांत आता बहुधा उलट रचना असते, पाणी नळ्यांत व विस्तव बाहेर. पण दाब तोच, क्षार तेच, आणि दुर्लक्षाचे फळही तेच. 1863 साली कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा 1864 साली बंगालात तपासणीचा कायदा झाला. पुढे 1923 साली सर्व देशासाठी कायदा झाला, आणि 2025 साली त्याच्या जागी नवा आला. एवढे कायदे असूनही 1 नोव्हेंबर 2017 रोजी रायबरेली जिल्ह्यातील उंचाहार येथील वीजकेंद्रात बॉयलरच्या दुर्घटनेत 40 हून अधिक माणसे गेली. कायदा कागदावर असतो. ओल पाहणारा माणूस बॉयलरपाशी असावा लागतो. बॉयलर सांभाळणाऱ्यास सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. ही विद्या आहे, हमाली नव्हे. तरीही काळ्या हातांचे काम म्हटले की आपण पालक नाक मुरडतो व मुलाने खुर्चीवरच बसावे असा हट्ट धरतो. खुर्चीचा मला द्वेष नाही. मीही खुर्चीवरच बसतो. परंतु आपली मुले ज्या कारखान्यांत उद्या जाणार आहेत तेथे टिचकी मारून आवाज ऐकणारी माणसे कोठून येणार, याचा विचार आपण करावयाचा की नाही?

आणि त्या बारीक भोकाची गोष्ट मी विसरू शकत नाही. ज्याने तो बॉयलर योजिला त्याने 'माझा स्टे तुटणारच नाही' असे म्हटले नाही. तुटेल हे धरून चालून, तुटल्यावर त्याला सांगता यावे अशी वाट त्याने ठेवली. आपल्या घरी व शाळेत अशी वाट आहे का? प्रयोगशाळेत काचेचे पात्र फुटले की मूल ते कपाटामागे लपविते. गणित समजले नाही की मान डोलविते. गुणपत्रक आले की वाटेत थांबून रडते. त्याला बोलता येत नाही असे नाही. पूर्वी कधीतरी ते बोलले तेव्हा आपण रागाचा खिळा ठोकून ते भोक बुजविले असते. मग आत काय तडकले आहे हे कोणास कळावे? या दोषात मी स्वतःस वगळीत नाही. त्या ओट्यावरून परत आल्यापासून वर्गात 'समजले ना?' असे विचारणे मी सोडून दिले आहे. 'कोठे समजले नाही?' असे विचारतो. पहिला आठवडा कोणी बोलले नाही. आता बोलतात.

शेवटी एक मागणी. आमच्या प्रयोगशाळेत उभा अर्धा कापलेला एक बंब ठेवावा असा माझा मानस आहे. बाजारातील एक वेल्डर तो कापून कडा घासून देण्यास तयार आहेत. ज्या कोणा पालकांच्या घरी गळका, टाकाऊ बंब असेल त्यांनी मोडीत घालण्यापूर्वी शाळेची आठवण करावी. त्या शिरूरच्या मुलास त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे अजून राहिले आहे.